विजयातील विनय

ज्यूदो ही मूळची जपानची विद्या. जिगोरो कानो या शिक्षकाने जुजुत्सू नावाच्या जुन्या निःशस्त्र युद्धकलेतील घातक डाव वगळून १८८२ साली तिचा पाया घातला. ‘ज्यू’ म्हणजे मृदुता आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न अडविता त्याच जोराचा उपयोग करून त्याचा तोल घालवावयाचा, हे या विद्येचे मर्म होय. सामन्याच्या आरंभी व अखेरीस प्रतिस्पर्ध्याला वाकून अभिवादन करावयाचे, हा तिचा पहिला धडा. या विद्येत जपानी वीरांना जिंकणारा पहिला परदेशी जगज्जेता युरोपातील नेदरलँड्स या चिमुकल्या देशात निपजला. त्याचे नाव अँटन गेसिंक.

अँटनचा जन्म ६ एप्रिल १९३४ रोजी उट्रेख्त या शहरी एका गरीब कुटुंबात झाला. घरच्या ओढगस्तीमुळे वयाच्या बाराव्या वर्षीच तो बांधकामावर मजुरी करू लागला. चौदाव्या वर्षी त्याला ज्यूदोची गोडी लागली. अंगमेहनतीने त्याचे शरीर कणखर झालेच होते. पुढे त्याची उंची साडेसहा फुटांपर्यंत वाढली. १९५२ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने युरोपचे अजिंक्यपद मिळविले. अशी एकवीस अजिंक्यपदे त्याने १९६७ पर्यंत जिंकली.

परंतु युरोपात मिळालेले यश जपानमध्ये पुरे पडले नाही. १९५६ साली टोकियो येथे ज्यूदोची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तीत उपांत्य फेरीत योशिमात्सू या जपानी वीराने गेसिंकला पराभूत केले. गेसिंक खचला नाही. फ्रान्समध्ये राहणाऱ्या मिचिगामी या जपानी गुरूचे मार्गदर्शन त्याला लाभले. शिवाय तो जपानला जाऊन तेन्री विद्यापीठातील खेळाडूंबरोबर कसून सराव करू लागला. ज्यांना जिंकावयाचे, त्यांच्याच पायाशी बसून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. उंची व बळ यांना आता कौशल्याची जोड मिळाली.

या साधनेचे फळ १९६१ साली पॅरिस येथे मिळाले. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने आदल्या स्पर्धेचा विजेता कोजी सोने यास नमविले. त्यापूर्वी जपानबाहेरचा एकही खेळाडू जगज्जेता झालेला नव्हता.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९६४ साली, टोकियोत ऑलिंपिक सामने भरले. ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले होते. त्यासाठी ‘बुदोकान’ नावाचे भव्य क्रीडागृह मुद्दाम बांधण्यात आले होते. चार गटांपैकी तीन गटांची सुवर्णपदके जपानने जिंकली. राहिला तो वजनाची मर्यादा नसलेला खुला गट. लहान देहाचा वीरही कौशल्याने बलाढ्य देहाला नमवू शकतो, अशी ज्यूदोची ख्याती. म्हणून या गटातील विजयाला जपानी लोक सर्वाधिक मान देत.

२३ ऑक्टोबर रोजी अंतिम सामन्यात गेसिंकसमोर अकिओ कामिनागा उभा राहिला. सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांचे डोळे त्या दोघांवर खिळले. नऊ मिनिटे झुंज चालली. अखेर गेसिंकने कामिनागाला खाली घेऊन ‘केसा-गातामे’ या पकडीत जखडले. ‘केसा’ म्हणजे बौद्ध भिक्षूचे वस्त्र. आपल्या ‘काषाय’ या शब्दाचेच ते जपानी रूप आहे. ते वस्त्र जसे छातीवरून तिरपे घेतात, तशी ही पकड असते. प्रतिस्पर्ध्याला तीस सेकंद असे दाबून धरले की विजय पुरा होई. कामिनागाने सुटण्याची शिकस्त केली, पण पकड ढिली झाली नाही. सामना संपला आणि क्रीडागृह सुन्न झाले.

तोच गेसिंकचे काही देशबांधव हर्षभराने त्याच्याकडे धावले. ज्यूदोची चटई ही खेळाडूंना पवित्र. तिच्यावर लढणाऱ्यांनी अभिवादन करूनच पाऊल ठेवावयाचे असते. शिवाय हरलेला प्रतिस्पर्धी अद्याप तेथेच होता. गेसिंकने तत्काळ हात उंचावून आपल्या लोकांना मागेच थोपविले. मग दोन्ही वीर समोरासमोर उभे राहिले आणि त्यांनी परस्परांना वाकून अभिवादन केले. ज्या प्रेक्षकांना स्वदेशाचा पराभव जिव्हारी लागला होता, त्यांच्या मनात या परक्या विजेत्याविषयी आदर उत्पन्न झाला. जपानचे एक सुवर्णपदक गेले, पण जपानची विद्या जगाने आत्मसात केली, याची ती साक्ष होती.

१९६५ साली रिओ द जानेरो येथे गेसिंकने पुन्हा जागतिक विजेतेपद मिळविले. १९८७ साली तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला. १९९७ साली आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाने त्याला ‘दहावी दान’ ही अत्युच्च श्रेणी दिली. उट्रेख्तमधील एका रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. त्याच शहरी २७ ऑगस्ट २०१० रोजी त्याचे निधन झाले.

गेसिंकच्या बाहूंत प्रतिस्पर्ध्याला जखडून ठेवण्याचे बळ होते. पण विजयाच्या क्षणी त्याने उंचावलेला हात त्याहून बलवान ठरला. कारण त्या हाताने त्याने आपल्या लोकांचाच नव्हे, तर स्वतःचाही हर्ष आवरला होता.