सॅटेलाइट नव्हते तेव्हा हा पाद्री ढग बघून चक्रीवादळाचा रस्ता सांगायचा

आज चक्रीवादळ कुठं पोहोचलं ते मोबाईलवर दिसतं. दीडशे वर्षांपूर्वी क्युबाच्या लोकांना ते दारात आल्यावरच कळायचं.

१८७० मध्ये बेनितो व्हिन्येस हे स्पॅनिश जेझुइट पाद्री हवानाच्या बेलेन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. हवेचा दाब, वारा आणि ढग यांच्या रोजच्या नोंदी, एवढंच भांडवल. पण खरी गंमत ढगांत होती. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच उंचावर पिसासारखे पातळ ढग दिसू लागतात. त्यांचे पट्टे क्षितिजावर जिथं एकत्र आल्यासारखे वाटतात, तिकडं वादळाचं केंद्र. ती जागा एका बाजूला सरकत गेली, तर वादळ बाजूनं निघून जाणार. सरकलीच नाही, तर थेट अंगावर!

११ सप्टेंबर १८७५ ला त्यांचा इशारा हवानाच्या पेपरात छापून आला. दोनच दिवसांत वादळ क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकलं. आधीच सावध झाल्यामुळं अनेकांचे जीव वाचले.

मग आसपासच्या बेटांवरून तारेनं नोंदी मागवणं सुरू झालं. १८९३ मध्ये व्हिन्येस वारले. शिकागोच्या हवामान परिषदेसाठी लिहिलेला त्यांचा शेवटचा प्रबंधही वादळांवरच होता. तो छापलेला मात्र त्यांना बघता आला नाही.