समजून घ्या : मेंदूतील रक्तवाहिन्यांचा नकाशा पहिल्यांदा काढणारे डॉक्टर कोण होते?

शिरूर, दौंड परिसरातला रुग्ण डोक्यावरची ठोके देणारी गाठ किंवा अचानक आलेली फिट दाखवायला पुण्यात जातो, तेव्हा अनेकदा अँजिओग्राफी करावी लागते. ही तपासणी शोधली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी. तेव्हा गोवाही पोर्तुगालच्याच ताब्यात होता.

आजार काय आहे?
धमनीतले रक्त बारीक केशवाहिन्यांतून शिरेत जाते. 'एव्हीएम'मध्ये या केशवाहिन्याच नसतात. त्यामुळे धमनीचा सगळा दाब थेट शिरेवर येतो. टाळूच्या त्वचेत गुंता असेल तर गाठ दिसते. मेंदूत असेल तर शीर फुटून रक्तस्राव होऊ शकतो.

मोनिझ कोण होते?
जन्म २९ नोव्हेंबर १८७४, अवांका गावी. १९११ पासून ते लिस्बनमध्ये मेंदूविकाराचे प्राध्यापक होते. १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्रीही झाले. नंतर राजकारण सोडून पन्नाशीत पुन्हा संशोधनाकडे वळले.

शोध कसा लागला?
साध्या एक्स-रेत हाड दिसते, रक्तवाहिनी नाही. म्हणून एक्स-रे अडवणारे द्रव्य मानेच्या धमनीत सोडायचे ठरले. संधिवाताने मोनिझ यांचे हात आखडले होते. सुईचे काम सहकारी अल्मेदा लिमा यांनी केले. ब्रोमाइडच्या प्रयोगात एक रुग्ण दगावला. ते द्रव्य बंद करून सोडियम आयोडाइड घेतले. २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या चित्रात स्पष्ट उमटल्या.

वाद कशावरून?
१९३१ पासून त्यांनी वापरलेले थोरोट्रास्ट किरणोत्सर्गी होते. त्यामुळे पुढे अनेकांना कर्करोग झाला. १९४९ चे नोबेल मिळाले तेही अँजिओग्राफीसाठी नाही, तर मानसिक आजारावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया नंतर बदनाम झाली. १३ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज उपचार कोणते?
शस्त्रक्रियेने गुंता काढणे, मांडीतून नळी नेऊन औषधी गोंदाने तो बुजवणे किंवा मेंदूतल्या लहान गुंत्यावर गॅमा नाइफचे किरण सोडणे. किरणांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन वर्षे लागतात. मार्ग कोणताही असो, आधी रक्तवाहिन्यांचा नकाशा हवाच. म्हणूनच ठोके देणारी गाठ तपासणीआधी कुणाकडूनही फोडून घेऊ नये.