आरशासमोरची फ्रिडा

गेली चार वर्षे माझी पाठ दुखते आहे. क्ष-किरण तपासणीत फारसे काही दिसत नाही, त्यामुळे पाहणाऱ्यांना मी धडधाकट वाटते. कुणी विचारलेच, तर बरी आहे म्हणून मोकळी होते. अशाच एका दुपारी ग्रंथालयात चित्रकलेचे पुस्तक चाळताना मेक्सिकोची फ्रिडा काहलो मला भेटली.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ रोजी मेक्सिको शहरालगतच्या कोयोआकान येथे झाला. वडील छायाचित्रकार. सहाव्या वर्षी पोलिओने तिचा उजवा पाय बारीक झाला. तरीही ती हुशार, खोडकर. डॉक्टर व्हायचे स्वप्न पाहणारी. १७ सप्टेंबर १९२५ रोजी घरी परतताना तिची बस आणि ट्राम यांची टक्कर झाली. लोखंडी दांडा शरीरात घुसला. कणा, बरगड्या, पाय, सारेच मोडले. तेव्हा ती १८ वर्षांची होती, म्हणजे आपल्याच वयाची!

अंथरुणाला खिळलेल्या लेकीला पडल्या पडल्या चित्र काढता यावे म्हणून आईने खास चौकट करवून घेतली, पलंगावर आरसा लावला. आरशातला चेहरा फ्रिडा रंगवू लागली. १९२९ मध्ये विख्यात चित्रकार दिएगो रिवेराशी तिचे लग्न झाले. त्या संसारात प्रेम होते, तसा मनस्तापही होता. शस्त्रक्रिया तर चालूच राहिल्या. १९४४ सालच्या 'भग्न स्तंभ' या चित्रात तिचा कणा म्हणजे तडे गेलेला दगडी खांब आहे. अंगभर खिळे, गालांवर आसवे. नजर मात्र थेट आपल्याकडे.

तिने वेदनेवर मात केली, असे मी लिहिणार नाही. तिला औषधांचा आणि मद्याचा आधार घ्यावा लागला. निराशेने ती खचलीही. एप्रिल १९५३ मध्ये मायदेशातले तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले. ती रुग्णवाहिकेतून आली आणि दालनात मांडलेल्या पलंगावरूनच पाहुण्यांना भेटली. त्याच वर्षी तिचा उजवा पाय कापावा लागला. १३ जुलै १९५४ रोजी, ४७ व्या वर्षी, ती गेली.

मला मोल वाटते ते एवढ्याचेच, की जे तपासणीत उमटत नाही तेही तिने चारचौघांसमोर मांडले. वेदना गेली नाही, पण ती तिच्या एकटीच्या जिवात कोंडून राहिली नाही.

परवा मैत्रिणीने नेहमीसारखी चौकशी केली. आज पाठ फार दुखते आहे, असे मी प्रथमच सांगितले. ती काही बोलली नाही. माझी पिशवी तिने आपल्या खांद्याला अडकवली आणि आम्ही दोघी सावकाश जिना चढू लागलो.