डॉ. कमला सोहोनी

सन १९३३. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन कमला भागवत ही मुलगी पहिली आली. रसायनशास्त्र तिच्या घरातच होते. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत ते शास्त्र शिकले होते. थोरली बहीण दुर्गाबाई पुढे मराठीतील नामवंत लेखिका झाली.

त्याच संस्थेत संशोधन करावे, असे ठरवून कमलाबाईंनी अर्ज पाठविला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. पहिल्या क्रमांकाचा अर्ज कोण नाकारील? पण तो नाकारला गेला, आणि तोही केवळ अर्जदार स्त्री होती म्हणून. कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. बंगलोरला जाऊन त्यांनी सत्याग्रहाचा निर्धार केला. अखेर रामन राजी झाले, परंतु अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानावयाचे नाही. सांगितले तर रात्रीही काम करावयाचे. इतरांच्या कामात व्यत्यय येऊ द्यावयाचा नाही. हा अपमान कमलाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. तरी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम हवे होते.

श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. विषय साधा दिसतो. परंतु मारेगावापासून कोकणापर्यंत घरोघरी शिजणाऱ्या डाळीत शरीराची वाढ करणारे द्रव्य कोणते, हाच तो प्रश्न होता. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ आढळला. पेशींच्या श्वसनाला तो आवश्यक असतो. वनस्पतींच्या पेशींतही तो हेच कार्य करतो, असे त्यांनी दाखविले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता! १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर, १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडामाडांचा हा गोड रस कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना दिला असता त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. विज्ञानसंस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे बऱ्याच विलंबाने आले.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.