रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि पाषाणातील पर्णे

फुटलेल्या दगडाच्या भेगेवर काळ्या शाईने रेखाटल्यासारखी झाडाची आकृती कधी कधी दृष्टीस पडते. विद्यार्थी असा दगड आम्हांस आणून दाखवितात, तेव्हा ही पुरातन काळची वनस्पतीच होय अशी त्यांची खात्री असते. वस्तुतः ती वनस्पती नव्हे. मँगनीज व लोह यांचा अंश असलेले पाणी अरुंद भेगेत झिरपते आणि त्यातील द्रव्य खडकावर साचू लागते. जे टोक किंचित पुढे असते त्यास नवे द्रव्य प्रथम मिळते. ते वाढते, त्यास फाटे फुटतात आणि बीजावाचून वृक्ष उभा राहतो! यास डेंड्राइट म्हणतात. ज्या ग्रीक भाषेत नवा करार लिहिला गेला, तीतील वृक्षवाचक शब्दावरून हे नाव पडले आहे. पानाच्या खऱ्या ठशात मधली शीर व तीपासून नेमाने निघणाऱ्या उपशिरा दिसतात. या काळ्या झाडात असा नेम नसतो.

पानांचे असे खरे ठसे नागपूर प्रांतात ज्यांनी आरंभी गोळा केले, त्यांत रे. स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत. त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ साली नागपुरास आले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा उघडली.

१८५१ साली टाकळीजवळ फिरत असता त्यांस व त्यांचे सहकारी रे. हंटर यांस गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष खडकात सापडले. वरखाली काळा कातळ आणि मध्ये तळ्याच्या गाळाचा थर! आमच्या पनवेलीहून दिसणारे कर्नाळा व प्रबळगड ज्या लाव्हारसाचे बनले, त्याचाच तो कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते उद्रेक मधून मधून थांबत, तळी भरत व जीव नांदत, हे त्या इवल्याशा शिंपल्यांवरून कळले. कामठीकडील वालुकाश्मातील पाने तर याहूनही फार जुनी. त्यांच्या या संग्रहाचे वर्णन बन्बरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. हे सर्व संशोधन मिशनच्या कामातून उरलेल्या वेळात झाले, हे आम्हांस विशेष वाटते. त्यातच गोंड लोकांची भाषा व गीतेही त्यांनी टिपून ठेविली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. वाटेत एक शाळा तपासून घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. त्यांची गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविली. आणि १८४६ च्या त्या शाळेतून वाढलेल्या संस्थेस १८८३ साली कॉलेजचे रूप येऊन हिस्लॉप हे नाव मिळाले.