क्लॉड शॅनन

क्लॉड एलवूड शॅनन (३० एप्रिल, १९१६ - २४ फेब्रुवारी, २००१) हे अमेरिकन गणितज्ञ व विद्युत अभियंता होते. त्यांनी माहिती सिद्धान्ताचा (अवगम सिद्धान्ताचा) पाया घातला. मजकूर, ध्वनी, चित्रे व चलचित्रे अंकांच्या रूपात पाठविण्याचे आजचे तंत्र या सिद्धान्तावर आधारलेले आहे.

जीवन

शॅनन यांचा जन्म मिशिगन राज्यातील पेटोस्की येथे झाला. त्यांचे बालपण गेलॉर्ड या गावी गेले. १९३६ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठातून गणित व विद्युत अभियांत्रिकी या दोन्ही विषयांत पदवी मिळविली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) १९३७ साली लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी रिले व स्विच यांच्या मंडलांना जॉर्ज बूल यांचे बीजगणित लागू पडते, हे दाखविले. १९४० साली त्यांना तेथूनच पीएच.डी. मिळाली. पुढे बेल प्रयोगशाळेत त्यांनी युद्धकाळात गुप्तलेखनावर संशोधन केले.

माहिती सिद्धान्त

१९४८ साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये त्यांचा संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरील लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. संदेशाचा अर्थ बाजूला ठेवून त्यातील अनिश्चितता मोजण्याची रीत त्यांनी मांडली. या मापाला त्यांनी एंट्रॉपी म्हटले. तिचे एकक बिट होय. हा शब्द जॉन ट्युकी यांनी सुचविला होता. निर्दोष नाण्याच्या एका फेकीत एक बिट माहिती असते. एंट्रॉपीपेक्षा कमी बिटांत संदेश काहीही न गमावता साठविता येत नाही.

गोंगाट असलेल्या वाहिनीतून चुका टाळायच्या तर संदेशाचा वेग सतत कमी करावा लागतो, असा तोपर्यंत समज होता. प्रत्येक वाहिनीला ठरावीक क्षमता असते आणि वेग तिच्याखाली राहिल्यास चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे शॅनन यांनी सिद्ध केले. मात्र असे संकेत अस्तित्वात आहेत एवढेच त्यांच्या सिद्धतेतून कळत होते. ते प्रत्यक्ष कसे रचावेत, हे कळत नव्हते.

परिणाम

त्यांचा शोध पुढील अनेक दशके चालला. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांचे चूक दुरुस्त करणारे संकेत १९५० साली प्रसिद्ध झाले. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेली संकेतनपद्धती आज जेपेग चित्रांत वापरली जाते. १९९३ साली फ्रान्समध्ये विकसित झालेले टर्बो संकेत शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचले.

उत्तरायुष्य

१९५६ पासून शॅनन एमआयटीत अध्यापन करीत होते. त्यांना १९६६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक व १९८५ साली क्योटो पुरस्कार मिळाला. त्यांनी घातलेल्या पायावर अंकीय संदेशवहन जगभर पसरत असताना अल्झायमर रोगाने त्यांची स्मृती हिरावून घेतली. मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे त्यांचे निधन झाले.