रमाबाईंची पहिली शाळा

आपल्या हडपसरहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आजही उभे आहे. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. तरी मुलांना घरात वाचनाची गोडी कोणी लावायची, असा विषय निघाला की आम्हाला प्रथम त्यांची आई आठवते.

वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात संस्कृत शिकत होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला शिकवायला वाड्यात जात. एक स्त्री संस्कृत म्हणते, हे ऐकून शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीलाही शिकवायचे ठरवले. घरचे विरोधात गेले, उडुपीला शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला. पण लक्ष्मीबाई शिकल्या.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे रमेचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात बसून पुराण वाचायचे, मिळेल त्यावर भागवायचे आणि पुढच्या गावी जायचे. अशा बिऱ्हाडात पुस्तकांचे कपाट कोठून असणार? वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमेला आईनेच शिकवले. दिवसभर कामाचा रगाडा असे. त्यामुळे आई तिला भल्या पहाटे कुशीत घेऊन लाडाने उठवी आणि पाठ म्हणून घेई. बारा वर्षांची होईपर्यंत तिला भागवताचे १८,००० श्लोक पाठ झाले होते, असे सांगतात. वेद मात्र शिकवले नाहीत. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही, ही रूढी शास्त्रीबुवांनीही पाळली. एवढा धीट माणूस तेथे अडला, याचे आम्हाला नवल वाटते.

पुढे दुष्काळ पडला. दागिने, चांदी, शेवटी तांब्यापितळेची भांडीही विकली गेली. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास यांच्याजवळ आईने पाठ करून घेतलेले तेवढे उरले. पायी देश तुडवत दोघे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद ठेवला.

लग्नानंतर सिल्चरच्या घरी पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील संत लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तेथे कसे आले, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला. १८८७ साली अमेरिकेत निघालेले आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईला अर्पण केले.

उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृत जिभेवर असूनही भाषा मुद्दाम साधी ठेवली. खेड्यातल्या बाईला ते वाचता यावे, हा हट्ट. केडगावच्या छापखान्यात टाइप जुळवायला आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या दुःखातही रमाबाईंनी काम सोडले नाही. भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.